प्रकरण वाचल्याशिवाय पुस्तक ठेवू नकोस

प्रभूमध्ये प्रिय बाळ, सप्रेम सलाम.

तुझी यादी पाहिली. शेकडो पुस्तकांच्या फाइली, प्रत्येकीपुढे तू दिलेले तारे, आणि शेवटी विनंती : 'यातलं खरं रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या प्रोटेस्टंट परंपरेतलं, कोणतं, तेवढी खूण करून द्या.' मी खूण करणार नाही. माझ्या खुणांवर उभं राहिलेलं ग्रंथालय तुझं कसं होईल? प्रत्येक पुस्तकाचं एक प्रकरण वाच आणि मग ठरव. प्रकरण वाचल्याशिवाय पुस्तक ठेवू नकोस.

कोणतं प्रकरण, ते मात्र सांगतो. पूर्वनियुक्तीचं घे, म्हणजे कुणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलंय या शिकवणीचं, कारण तुझा घोळ तिथेच आहे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनच्या 'इन्स्टिट्यूट्स'पुढे तू 'पूर्वनियुक्तीवरचा ग्रंथ' असं लिहिलंयस. ग्रंथ उघडला असतास तर असं लिहिलं नसतंस. १५३६ साली सहा प्रकरणांचं असलेलं हे पुस्तक १५५९ पर्यंत चार भागांचं, ऐंशी प्रकरणांचं झालं. त्यात हा विषय येतो तिसऱ्या भागाच्या २१व्या प्रकरणात, प्रार्थनेवरच्या लांबलचक २०व्या प्रकरणानंतर. विश्वास, पश्चात्ताप, नीतिमान ठरणं, प्रार्थना हे सगळं झाल्यावर कॅल्विन देवाच्या निवडीबद्दल बोलतो. विसाव्या शतकातला ईश्वरविज्ञानाचा लेखक लुई बर्कहॉफ तोच विषय देवाच्या संकल्पाच्या मथळ्याखाली, सुरुवातीलाच घेतो. वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये लिहिलेल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, तो तिसऱ्याच प्रकरणात आहे. आणि १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीत १२९ प्रश्न आहेत, पण पूर्वनियुक्तीवर वेगळा प्रश्न एकही नाही. तिची सुरुवातच होते ती जगण्या-मरण्यातल्या एकमेव सांत्वनाच्या प्रश्नाने. चौघंही रिफॉर्म्डच. यातलं काय तुला ताऱ्यांवरून कळलं असतं?

मला अभ्यासगटात हेकट म्हणतात. न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस मी कुणाला करू देत नाही, म्हणून. म्हणू देत. आमच्या तरुणपणी मंडळीत बर्कहॉफची एकच प्रत होती आणि ती परत करायच्या बोलीवर मिळायची, त्यामुळे ती वाचली जायची. ज्या पाळकांनी मला ती दिली, त्यांच्याशी त्यावर निवांत बोलायचं राहूनच गेलं. त्यांना विचारायचे प्रश्न अजून माझ्या वहीत आहेत. मला उत्तर देणारं माणूस उरलं नाही. तुला विचारायला मी आहे, तर मला तारे काय पाठवतोस? प्रश्न पाठव.

फाइल कुठली आहे, हेही पाहायला हवं. वेस्टमिन्स्टरच्या तुझ्याकडे तीन प्रती आहेत आणि तिन्हींना तू सारखेच तारे दिलेस. २३वं प्रकरण उघड. १६४६ च्या मूळ मजकुरात पाखंड दडपणं हेही शासनकर्त्याचं कर्तव्य आहे. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांनी १७८८ साली तो भाग बदलला आणि सगळ्या ख्रिस्ती पंथांना सारखंच संरक्षण द्यावं असं लिहिलं. मुंबई-पुण्याकडे स्कॉटिश मिशनरी आले आणि कोल्हापूरला अमेरिकन प्रेस्बिटेरियन, त्यामुळे हा फरक आपल्या घरचाही आहे. शास्त्रवचनांचे संदर्भ नसलेली प्रत तर काढूनच टाक. इंग्लंडच्या पार्लमेंटने मागितले म्हणून १६४७ मध्ये ते संदर्भ जोडले गेले. वचन उघडून पडताळता येत नसेल, तर त्या वाक्यांचं आपण करायचं काय?

'इन्स्टिट्यूट्स'चं बेव्हरिजने १८४५ साली केलेलं भाषांतर कुणालाही मोफत घेता येतं. बॅटल्सचं १९६० चं वाचायला सोपं आणि टिपांनी भरलेलं आहे, पण ते विकत घ्यावं लागतं. डच ईश्वरविज्ञानी बाव्हिंकच्या 'रिफॉर्म्ड डॉग्मॅटिक्स'चे इंग्रजी चार खंड २००३ ते २००८ या काळात निघाले. ते तुझ्याकडे फुकट कसे आले? हायडेलबर्गचा ११० वा प्रश्न 'चोरी करू नको' या आठव्या आज्ञेवर आहे, खोट्या वजनमापांनाही तो चोरीतच धरतो. ते खंड आजच काढून टाक. पैसे साठव, एक खंड घे. अर्धे मी देईन.

मी रागावलो असं समजू नकोस. तुझ्या वयात इतकी भूक असलेली मुलं मला फार भेटत नाहीत, आणि ती भूक नुसत्या साठवणीत वाया जाताना मला बघवत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, प्रकरण वाचल्याशिवाय पुस्तक ठेवू नकोस.

पुढच्या पत्रात यादी नको. 'इन्स्टिट्यूट्स'च्या तिसऱ्या भागाचं २१वं प्रकरण वाच, आणि कॅल्विन कुठे थांबायला सांगतो आणि का, ते तुझ्या शब्दांत लिही.

तुझा,
सर