इटलीत वारलेल्या मामाचा फोटो

ताई, माझ्या 92 वर्षांच्या आजीचा थोरला भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत होता. दुसऱ्या महायुद्धात लिबियातल्या तोब्रुकला पकडला गेला आणि विशीतच इटलीत कैदेत वारला. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये त्याचा फोटो हवा, असा आजीचा हट्ट. काका म्हणतात, ‘इंग्रजांचा पगारी शिपाई, त्यात हात वर करून शरण गेलेला!’ आजीला त्याचं श्राद्धही घालायचंय, पण तिथी कुणालाच ठाऊक नाही. खडकीच्या वॉर सिमेट्रीत शोधलं, नाव नाही. काय करू?
– एक नात, पुणे

आधी काका. 21 जून 1942 ला तोब्रुक पडलं आणि सुमारे 33,000 सैनिक कैदी झाले. शरणागतीचा निर्णय जनरलचा, विशीतल्या शिपायाला विचारतो कोण? पगारासाठी गेला असेलही. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी चुली तेव्हा फौजेतल्या मनिऑर्डरवर पेटत होत्या. (काकांचा मुलगा अमेरिकन कंपनीत असेल तर तो विषय मात्र काढू नका, भांडण वाढेल.) शिवाय हा त्यांचा सख्खा मामा. घरातल्या माणसाचा फोटो लावायला देशभक्तीचा दाखला कशाला लागतो?

खडकीत नाव कसं मिळेल? तिथल्या दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी बहुतेक पश्चिम आणि मध्य भारतातून हलवून आणलेल्या. महायुद्धांत गेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर शोधा, पैसे पडत नाहीत. मराठी नावांच्या स्पेलिंगची तिथे पार वाट लागलेली असते, आडनाव कधीकधी नसतंच. पण बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, जिल्हा असतो, त्यावरून ओळखा. मृत्यूची तारीख मिळाली की जुन्या पंचांगावरून गुरुजी तिथी काढून देतील. तोवर सर्वपित्री अमावस्या आहेच, ती तिथी माहीत नसलेल्यांसाठीच असते. कुणी घातचतुर्दशी सुचवेल. ती शस्त्राने गेलेल्यांची, हा कशाने गेला ते आधी कळू द्या.

एक मात्र खटकलं. एवढ्या पत्रात तो मुलगा कसा होता, याची एक ओळ नाही. आजीला विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. युद्धाचं नको. तिच्याशी भांडायचा का, जेवायला काय आवडायचं, बातमी कुणी आणली, त्यानंतर घरात काय झालं. हे कुठल्याच कमिशनकडे मिळणार नाही, आणि बिल्डर ताबा देईपर्यंत थांबूही नका.

फोटो हॉलमध्येच लावा, ‘आजीच्या खोलीत लावू’ ही तडजोड नको. फ्रेम कुठली घ्यायची, ते काकांना ठरवू द्या.