सोमवारची दुपार रविवारी सकाळीच बिघडते

प्रश्न : माझं वय ३९. दिवसभर बसून हिशेबाचं काम. रात्री झोपायला साडेबारा-एक होतो, सकाळी साडेसहाला उठावंच लागतं. दुपारी तीन वाजले की डोळे मिटायला लागतात, आकड्यांची एकच ओळ तीनदा वाचते. मग पाच वाजता कडक कॉफी. रविवारी साडेदहापर्यंत झोपून भरपाई करते, तरी सोमवार सगळ्यात वाईट जातो. व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू करू का? – एक वाचक

उत्तर : गोळ्यांचं शेवटी बघू. तुमच्या पत्रातल्या रविवारच्या ओळीपाशी मी अडले.

आधी साधा हिशेब, तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला जमतो. प्रौढ माणसाला रात्री निदान ७ तास झोप लागते. तुम्हाला मिळते साडेपाच-सहा. म्हणजे सोमवार ते शनिवार मिळून सहा-नऊ तासांची उधारी. ती रविवारी एकरकमी फेडायला जाता आणि तिथेच गडबड होते. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं, त्यानेच झोपेचा दाब वाढतो. साडेसहाला उठलात तर रात्री साडेदहापर्यंत १६ तासांचा साठा होतो. साडेदहाला उठलात तर फक्त १२ तासांचा. मग रविवारी रात्री तुम्ही छताकडे बघत पडता (पत्रात नाही लिहिलंत, पण पडत असणार!) आणि शरीराचं घड्याळही मागे सरकतं. सोमवारी साडेसहाचा गजर त्या घड्याळाला मध्यरात्रीसारखा वाटतो.

तेव्हा पहिलं काम, उठायची वेळ बांधून घ्या. रविवारी फार तर साडेसात. झोप कमी पडली असेल तर दुपारी वीस मिनिटं आडव्या व्हा, गजर लावून आणि तीनच्या आत. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून उठाल आणि डोकं आणखी जड होईल. दुपारची थोडी सुस्ती तशी सगळ्यांनाच येते, जेवण टाळलं तरी येते. पण तीच ओळ तीनदा वाचणं म्हणजे सुस्ती नव्हे, झोपेची थकबाकी आहे. रात्रीची वेळ एकदम दहावर आणू नका, दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या.

आता ती पाचची कॉफी. कॅफीन ॲडिनोसिनच्या जागा अडवून बसतं, ॲडिनोसिन संपवत नाही. साधारण पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं, म्हणजे तुमच्या पाचच्या कपातला अर्धा कप रात्री साडेदहाला जागाच. रात्रपाळ्या करायचे तेव्हा मीही मिरवायचे, ‘कॉफी पिऊनही मला ढाराढूर झोप लागते!’ मग एकदा दोन आठवडे खिशातल्या डायरीत रात्री किती वेळा जाग आली ते लिहिलं आणि मिरवणं बंद केलं. दुपारी दोननंतर कॉफी सोडली. पहिले तीन दिवस डोकं ठणकत होतं. तुमचंही ठणकेल, घाबरू नका.

सकाळी उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात फिरा. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स उजेड असतो, दिवे लावलेल्या खोलीत जेमतेम काही शे. शरीराचं घड्याळ त्या उजेडावर जुळतं. व्यायाम म्हणून ते चालणं पुरेसं आहे, सध्या आणखी काही मागे लावून घेऊ नका.

महिनाभर रोज सात-साडेसात तास झोपूनही हेच चाललं, तर मात्र डॉक्टरांकडे जा. घरचे म्हणत असतील की तुम्ही मोठ्याने घोरता आणि मध्येच श्वास अडकतो, किंवा पाळीत रक्त फार जात असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर महिनाभरही थांबू नका. हिमोग्लोबिन (बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, साखर, बी-१२ हे बघून घ्यावं लागेल. सर्दी-ॲलर्जीची गोळी रोज घेत असाल तर तेही सांगा, त्यातल्या काहींनी दिवसभर गुंगी राहते. आणि झोप येत असताना गाडी चालवू नका.

गोळ्या? तपासणीत कमतरता निघाली तर, आणि जी निघेल तीच.

महिन्याने पुन्हा लिहा. सोबत डायरीचं पान पाठवा : कधी झोपलात, कधी उठलात, शेवटची कॉफी किती वाजता. मनगटावरच्या यंत्राचे आकडे नकोत, तुमच्या हाताने लिहिलेलं पाठवा.