फ्रेंच येत नसेल तर फ्रेंच प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकण्यात काही अर्थ आहे का?

प्रश्न वाचून आधी वाटलं, माझाच एक मित्र खोट्या नावाने विचारतोय. 'शब्द कळत नसतील तर फ्रेंच प्रोग ऐकून काय मिळणार, आणि ऐकायचंच तर सुरुवात कुठून?' यातलं पहिलं वाक्य मी त्याच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकतोय. (प्रोग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक आणि गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक.)

सुरुवात आतोल या फ्रेंच बँडच्या 'लारेन्ये-माल'पासून करा. १९७५ चा अल्बम. आता बाकीचं.

मी कामासाठी दोन वर्षं फ्रान्सच्या पूर्वेला मेट्झला होतो. लिहितात मेट्झ, म्हणतात मेस. (फोनवर 'मेसमध्ये राहतो' म्हटलं की आई विचारायची, जेवण तरी बरं असतं का?) आतोल याच गावचे, हे मला तिथल्या जुन्या बाजारात एलपी विकणाऱ्याने सांगितलं. आठ युरोला घेतली. माझ्याकडे प्लेअर नव्हता, घरमालकीणबाईंकडे होता. रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात लावली.

पहिल्याच गाण्यात आंद्रे बाल्झेर गातो कमी, नाटकातल्यासारखा बोलतो जास्त. म्हटलं, गेले आठ युरो. मग 'काझोत नंबर १' सुरू झालं. त्यात शब्दच नाहीत. रिशार ओबेरचं व्हायोलिन आणि क्रिस्तियां बेयाची गिटार एकमेकांच्या अंगावर धावून जातात. महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा जॅझ-रॉक बँड आवडत असेल तर हा तुकडा लगेच ऐका. दुसऱ्या बाजूवर अल्बमच्याच नावाची चार भागांची एकच रचना आहे, वीसेक मिनिटांची. बाईंनी हे सगळं कॉलेजात असताना ऐकलेलं. त्यांना विचारलं, हा म्हणतोय तरी काय? कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "कुणास ठाऊक, कधी लक्षच दिलं नाही."

पुण्याला आल्यावर हा किस्सा मित्राला सांगितला. त्याच्या फ्रेंचच्या दोन परीक्षा झालेल्या, त्यामुळे आवाज वेगळाच. म्हणाला, शब्दांशिवाय ती नुसती येस या इंग्लिश प्रोग बँडची झेरॉक्स आहे. दे, मी अर्थ लावून सांगतो. एलपी घेऊन गेला. मे महिन्यात गाडीच्या मागच्या सीटवर विसरला. तीन महिन्यांनी कव्हरमध्ये घालून परत दिली, तोंडातून चकार शब्द नाही. लावली तेव्हा सुई होडीसारखी वरखाली. पार पापड.

पुढे मीच वाचण्यापुरतं फ्रेंच शिकलो आणि बसून शब्द लावले. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या भागाचं नाव 'प्लास्टिकचं कबरस्तान', त्याआधीच्याचं 'मठ्ठ यंत्रमानव'. म्हणजे वसतिगृहात रात्री दोनला सुचलेली कविता. कळून अल्बम रतीभरही मोठा झाला नाही. आणि माग्मा या दुसऱ्या फ्रेंच बँडच्या क्रिस्तियां वांदेरने तर कोबाइयन नावाची स्वतःची भाषाच रचली. तिथे फ्रेंच माणूसही तुमच्याइतकाच अडाणी. त्याचं काय करायचं, याचं उत्तर मित्राने अजून दिलेलं नाही.

येसची झेरॉक्स म्हणायचंच तर आतोलच्याच १९७७ च्या 'तेर्सियो'ला म्हणा, थोडं तरी लागू पडेल. तोवर ओबेर आणि त्याचं व्हायोलिन गेलं होतं.

हां, एक राहिलं. आंज ऐकणार असाल तर मात्र शब्द लागतात. बेलफोरचा बँड; क्रिस्तियां देकां प्रत्येक गाण्यात एखादं सोंग घेऊनच उभा राहतो, आणि ते कळलं नाही तर मागचा ऑर्गन तेवढा उरतो. तिथे मित्राचं म्हणणं बरोबर आहे. शिवाय बाल्झेरचा आवाज काहींच्या डोक्यात जातो. तुमच्या गेला तर पहिलं गाणं सोडून द्या.

(वाचतोयस हे माहीत आहे. आठ युरो बाकी आहेत.)