पाणी वाकवायचे की वळवायचे?

कोथरूडच्या एका कॉलेजविद्यार्थिनीने विचारले आहे: "'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या ॲनिमेशन मालिकेवर मी मराठीत फॅन थिअरी लिहिते आहे. माझे म्हणणे असे की तिथले चारही प्रकारचे बेंडिंग, म्हणजे महाभूतांना हवे तसे हलवण्याची विद्या, मुळात एकच. पाणी, माती, आग, हवा ही बाहेरची रूपे. आत फिरते ती एकच ऊर्जा. 'बेंडिंग'साठी मी 'वाकवणे' लिहिले, तर मैत्रिणी म्हणाल्या, पाणी म्हणजे काय सळई आहे? मग कोणता शब्द घेऊ?"

मैत्रिणींचा कान पक्का आहे. 'वळवणे' घ्या. तुमच्या थिअरीला त्या क्रियापदातूनच बळ मिळेल.

'वाकणे' आले 'वक्र'वरून, प्राकृत 'वंक'च्या वाटेने. जे ताठ असते ते वाकते: सळई, फांदी, पाठ, मान. 'वाकवणे' म्हटले की जोर आला, समोरच्याचा विरोध आला. 'वळणे'च्या मुळाशी संस्कृत 'वल्', म्हणजे फिरणे. ते लागते वाहत्या, चालत्या, मऊ गोष्टींना. शेतकरी पाटाचे पाणी वळवतो, गुराखी गुरे वळतो, आपण रुसलेल्याचे मन वळवतो. पुण्यात तर पेशवाईतले उदाहरण आहे: नानासाहेबांच्या काळात आंबील ओढा वळवला. ओढा वाकवला, असे कुणी म्हणत नाही.

व्याकरणातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 'वाकणे' अकर्मकच. तार वाकते, पण 'मी तार वाकते' म्हणता येत नाही, 'वाकवते'च म्हणावे लागते. 'वळणे' मात्र दोन्हीकडे चालते. रस्ता वळतो, आणि आजी वाती वळते. करणारा आणि होणारी गोष्ट, दोघांना एकच रूप पुरते. बेसनाचा लाडू वळताना हे हाताला कळते. मिश्रण कोमट असताना तळहाताच्या खोलगटात फिरवत राहिले की ते आपसूक गोल होत येते. नुसते दाबत बसले तर लाडू वळत नाही, मूठ उमटते.

आता मालिका पाहा. आगीची विद्या जाणणारा आयरो आपल्या पुतण्याला, झुकोला, अंगावर आलेली वीज परतवायला शिकवतो तो भाग आठवा. ही युक्ती आयरोला जलबेंडरांचे, म्हणजे पाणी वळवणाऱ्यांचे, निरीक्षण करून सुचलेली असते. वीज बोटांतून आत घ्यायची, दंडातून खांद्यापर्यंत, तिथून खाली पोटात, आणि दुसऱ्या हाताने बाहेर सोडायची. हृदयातून मात्र जाऊ द्यायची नाही. ही सरळसरळ पाटपाण्याची रीत आहे. आगवाल्याने पाणीवाल्यांकडून हे उचलावे, हा तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा. २००८मधल्या शेवटच्या भागांत सिंहकासव हा प्राचीन महाकाय प्राणी सांगतो की अवताराच्या, म्हणजे चारही विद्या येणाऱ्या एकमेव व्यक्तीच्या, आधीच्या काळात लोक महाभूते नव्हे, स्वतःतली ऊर्जा वळवत. तिथे तर तुमचे म्हणणे मालिकेनेच उचलून धरले आहे.

पण 'वाकवणे' टाकून देऊ नका. हामा ही म्हातारी जलबेंडर पौर्णिमेच्या रात्री दुसऱ्याच्या रक्तावर ताबा मिळवते, त्याचे हातपाय त्याच्या मनाविरुद्ध हलवते. त्याला 'वळवणे' म्हटले तर ते सौम्य होईल. तिथे 'वाकवणे'च हवे, आणि हे दोन शब्द वेगळे ठेवलेत तर मालिकेची नायिका, जलबेंडर कटारा, हामाकडून ती विद्या शिकल्यावर का रडते, तेही वाचकाला उमगेल.

संस्कृतात यासाठी तयार शब्द आहे: 'भूतजय', पतंजलींच्या योगसूत्रांतल्या विभूतिपादातला, म्हणजे पंचमहाभूतांवर ताबा. शब्द देखणा, पण आजच्या मराठीत 'भूत' म्हटले की वडावरचे भूत डोळ्यांसमोर येते. शिवाय त्यात जिंकणे आहे, आणि तुमची थिअरी जिंकण्याची नाही. एकदा उल्लेख करा, पुढे नको.

'जादू' हा फारसीतून आलेला शब्दही टाळा. पहिल्याच भागात भाऊ सोक्का पाण्याच्या जादूवरून कटाराला चिडवतो, तेव्हा ती ठणकावते की ही जादू नाही, प्राचीन कला आहे. त्या विद्येसाठी 'वळणविद्या' म्हणता येईल. 'वळण' म्हणजे नुसता वाकडा रस्ता नव्हे. मुलांना वळण लावतो, अक्षराला वळण असते. शिस्त, सराव, घडण हे सगळे त्यात येते, आणि मालिकेतल्या चारही विद्या खऱ्या चिनी युद्धकलांवर बेतलेल्या आहेत, पाण्याची ताई चीवर.

राहिला 'बेंडर'. 'वळू' अजिबात नको, त्याचा अर्थ ठरलेला आहे. 'वळवणारा' चालेल, पण लांबतो. धुळ्याकडच्या फड या सामूहिक सिंचनाच्या पद्धतीत पाटाचे पाणी पाळीपाळीने शेतांना देणाऱ्याला 'पाटकरी' म्हणतात. वारकरी, टाळकरी, पाटकरी, तसा 'वळणकरी'. जलवळणकरी, अग्निवळणकरी. दोनतीनदा मोठ्याने म्हणून पाहा. मला तरी तो जिभेवर बसला.