आमच्या तालुक्यातील अपस्माराच्या रुग्णांना चांगले उपचार मिळावेत म्हणून निधी कसा उभारावा आणि मोहीम कशी चालवावी?

आपल्या पुतण्याला अपस्मार (फिट येण्याचा आजार) आहे, तालुक्यात मेंदूविकारतज्ज्ञ नाही, आणि गणेशोत्सव मंडळाच्या मदतीने वर्गणी काढून काहीतरी भरीव करावे, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. माझ्या थोरल्या बहिणीला शाळकरी वयापासून हा आजार आहे आणि आमच्या भागातील रुग्ण व पालकांच्या गटाचे हिशेब आणि पत्रव्यवहार मी सांभाळते. त्या अनुभवावरून सांगते, की किती पैसे जमवायचे हे ठरवण्यापूर्वी ते कशावर खर्च करायचे नाहीत हे ठरवावे. जे औषध सरकारी दवाखान्यातून मोफत मिळायला हवे, ते वर्षानुवर्षे वर्गणीतून विकत घेत राहिलो, तर पैसे संपतातच, शिवाय दवाखान्यात जाऊन ते हक्काने मागणारेही कोणी उरत नाही.

अपस्माराची अडचण मज्जासंस्थेच्या इतर अनेक विकारांपेक्षा वेगळी आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी हा स्नायू दुबळे करत नेणारा आनुवंशिक आजार झालेल्या बाळांसाठी १६ कोटी रुपयांच्या एका इंजेक्शनकरिता देशभरातून पैसे जमवल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. त्या आई-वडिलांपुढे दुसरा मार्ग नव्हता. अपस्मारावरची मुख्य औषधे मात्र जुनी आणि बऱ्याच अंशी स्वस्त आहेत. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, आणि त्यासह फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व व्हॅल्प्रोएट ही औषधे आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य निदान व उपचार झाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. तरीही गरीब देशांतील बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. औषध रोज आणि अनेक वर्षे घ्यावे लागते. मध्येच खंड पडला, तर थांबलेले झटके परत येतात आणि कधीकधी एकामागून एक येऊन जिवावर बेततात. म्हणून एका दिवसाच्या मोठ्या शिबिरापेक्षा, तिसऱ्या महिन्यात गोळी मिळते की नाही, या प्रश्नाला मी अधिक महत्त्व देते.

मोहिमेची सुरुवात याच प्रश्नापासून करावी. आमच्या जवळच्या एका ग्रामीण रुग्णालयात फेनिटॉइन वारंवार संपत असे आणि रुग्णांना तोंडीच ‘बाहेरून घ्या’ असे सांगितले जाई. आम्ही प्रत्येक कुटुंबाला एवढेच करायला सांगितले, की औषध नसेल तेव्हा केस पेपरवर ‘औषध उपलब्ध नाही’ असे तारखेसह लिहून घ्यावे आणि त्याची प्रत गटाकडे द्यावी. अशा प्रतींची चळत घेऊन तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे गेल्यावर बोलण्याची पातळीच बदलली, कारण आता तक्रारीऐवजी नोंदी समोर होत्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीपुढे हा विषय लेखी मांडावा, ग्रामसभेत ठराव घ्यावा, आणि तरीही उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात औषधसाठ्याच्या नोंदी मागाव्यात. मागणीही नेमकी असावी: चार मूलभूत औषधे कधीही संपू नयेत, आणि ज्यांचे झटके आटोक्यात आहेत त्यांना एका वेळी तीन महिन्यांचे औषध मिळावे. मजुरी बुडवून दर पंधरा दिवसांनी रांगेत उभे राहणे कोणालाही परवडत नाही, आणि औषध सुटण्याचे ते एक मोठे कारण आहे.

मग निधी कशासाठी लागतो? तज्ज्ञाकडे जाण्याच्या प्रवासभाड्यासाठी, सरकारी रुग्णालयात लवकर न होणाऱ्या ईईजी (मेंदूतील विद्युतलहरींची नोंद) किंवा एमआरआय तपासणीसाठी, झटक्यांची नोंद ठेवण्याच्या वह्या छापण्यासाठी, आणि गावोगाव फिरणाऱ्या एखाद्या कार्यकर्तीच्या मानधनासाठी. पुरवठा अचानक तुटला तर काही आठवड्यांचे औषध घेण्याइतकी रक्कम राखून ठेवावी, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध दुकानातूनच घ्यावे आणि बिल परस्पर भरावे; गटाने स्वतः गोळ्यांचा साठा करून वाटू नये. पुण्या-मुंबईच्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे; वर्गणीला हात लावण्यापूर्वी तिथे अर्ज करावा. आपला पुतण्या अठरा वर्षांच्या आतील असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शाळा तपासणी पथकाकडूनही पुढच्या रुग्णालयात पाठवणी होऊ शकते. घरात वयात आलेली मुलगी रुग्ण असेल, तर व्हॅल्प्रोएटबद्दल तज्ज्ञांशी आवर्जून बोलावे, कारण गरोदरपणात त्या औषधाने बाळाला गंभीर व्यंग येण्याचा धोका असतो. मात्र कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये.

पैशाशिवाय काय साध्य होते याचे सर्वांत मोठे उदाहरण कायद्याचेच आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ मध्ये विवाहास अपात्र ठरवणाऱ्या कारणांत वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्माराचाही उल्लेख होता. गोळी घेऊन नोकरी करणाऱ्या, संसार सांभाळणाऱ्या माणसाला कायद्यानेच नालायक ठरवावे, हा केवढा अन्याय होता! इंडियन एपिलेप्सी असोसिएशन आणि तज्ज्ञ डॉक्टरांनी पाठपुरावा केला आणि १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द कायद्यातून गेला. घराघरांतून मात्र तो अजून गेलेला नाही. आमच्याकडे कितीतरी मुलींचे आजार लग्नापर्यंत लपवले जातात आणि सासरी गोळी चोरून घ्यावी लागते म्हणून ती सुटते. पुण्याच्या संवेदना फाउंडेशनने रुग्णांसाठी स्वमदत गट आणि विवाह मंडळही चालवले, यातून ही गरज किती खरी आहे हे दिसते. आजाराविषयी उघड बोलणारी चार माणसे तालुक्यात उभी राहिली, तर औषध नियमित घेणाऱ्यांची संख्या वाढते, हे मी पाहिले आहे.

म्हणूनच मंडळाच्या मांडवात देणगीपेटीइतकीच जागा प्रथमोपचाराच्या प्रात्यक्षिकाला द्यावी. झटका आलेल्या माणसाच्या डोक्याखाली मऊ काही ठेवावे, त्याला कुशीवर वळवावे, वेळ मोजावी आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर रुग्णालयात न्यावे. तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. शिक्षक आणि आशा सेविका यांना हे आधी शिकवावे. देणगीसाठी मात्र झटक्याचे व्हिडिओ किंवा मुलांचे चेहरे कधीही वापरू नयेत. लोकांच्या मनात कालवाकालव होऊन पैसे येतीलही, पण तो व्हिडिओ त्या मुलाच्या शाळेत आणि पुढे लग्नाच्या बोलणीतही पोहोचतो.

हिशेबाच्या बाबतीत हयगय नको. नोंदणीकृत संस्था नसताना वर्गणी काढायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. मंडळे उत्सवासाठी ती घेतच असतात, परंतु उपचारांसाठीचा निधी अर्जात वेगळा दाखवावा आणि खातेही वेगळे ठेवावे. देणगीदाराला आयकरात मिळणारी ८०-जी सवलत संस्थेकडे तशी मान्यता असेल तरच मिळते, आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती मुळीच मिळत नाही. परदेशातील नातेवाइकांकडून पैसे येणार असतील, तर देणारा भारतीय नागरिक आहे की त्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे हे आधी विचारावे, कारण दुसऱ्या बाबतीत परदेशी योगदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही स्वीकारता येत नाही. दर तीन महिन्यांनी जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि त्याखालीच त्या तिमाहीत सरकारी दवाखान्यात कोणते औषध किती दिवस नव्हते हेही लिहावे.