कुत्रा फिरताना पट्टा ओढतो, त्याला शांत चालायला कसं शिकवावं?

तुमचा दीड वर्षाचा लॅब्राडोर बाहेर पडला की फरफटत नेतो, परवा आईंच्या खांद्याला हिसका बसला आणि कोणीतरी चोक चेन (ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी) सुचवली, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून ती चेन घेऊ नका. गळा आवळला की श्वासनलिकेवर ताण येतो, डोळ्यांतला दाबही वाढतो. शिवाय समोर दुसरं कुत्रं दिसलं की गळा दुखतो, एवढंच त्याच्या डोक्यात बसू शकतं, आणि मग तो प्रत्येक कुत्र्यावर भुंकायला लागतो.

तो ओढतो, कारण ओढलं की पुढे जाता येतं. त्याने खेचायचं आणि आपण मागून चालायचं, म्हणजे बक्षीस आपणच देत असतो.

आमच्या भुरी कुत्रीच्या वेळी मी पट्टा हाताला दोन वेढे देऊन आखूड धरायचे. त्यामुळे ती आणखीच जोर लावायची. पट्टा साधारण ६ फुटांचा हवा आणि मध्ये झोळीसारखा लोंबता हवा. तो ताणला गेला की जागच्या जागी थांबा. हात पोटाशी, तोंड बंद, मागे हिसका नाही. भुरीचा आधी फक्त एक कान मागे वळायचा, मग ती मान वळवून बघायची, अर्धं पाऊल मागे सरकायची आणि कॉलरचा हूक खाली लोंबायचा. तोच क्षण! लगेच ‘शाब्बास’ म्हणून चालायला लागायचं. पहिल्या दिवशी गेटपासून कोपऱ्यापर्यंत जायला आम्हाला वीस मिनिटं लागली.

खाऊ द्यायचा तो आपल्या पायाला चिकटून, पँटच्या शिवणीपाशी. हात पुढे करून दिलात, तर तो पुढेच चालायला शिकेल. सुरुवात घरातच करा, पाच-पाच मिनिटं. आणि हुंगू द्या हो त्याला! कुत्र्याला फिरण्यातला खरा आनंद वासात असतो. दहा पावलं नीट चालला की ‘जा, हुंग’ म्हणून झाडापाशी सोडायचं. भुरीला ते बिस्किटाहून प्यारं होतं.

तीन-चार दिवसांनी तो आधीपेक्षा जास्त ओढेल. इथेच बहुतेक जण हात टेकतात. जुनी युक्ती चालेनाशी झाली म्हणून तो जास्त जोर लावून बघत असतो, त्यामुळे नेमकं तेव्हाच ढिलं पडू नका. एकदा थांबलात आणि एकदा घाईत तसेच चाललात, तर ओढणं आणखी पक्कं होतं. घाईच्या दिवसांसाठी छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगाभोवती बांधायचा पट्टा) ठेवा. त्यात ओढलं की तो आपोआप बाजूला वळतो. सराव मात्र साध्या कॉलरवरच करा, म्हणजे दोन्हींतला फरक त्याला कळेल.

तोवर आईंना एकट्याने नेऊ देऊ नका. खांदा बरा झाला की काही दिवस तुम्ही सोबत चाला आणि पट्टा त्यांच्या हातात द्या. माणूस बदललं की कुत्रा एकदा ओढून बघतोच.