छोटे रिव्हॉल्वर निवडताना : वाचकांच्या शंका

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांमध्ये एकच शंका निरनिराळ्या शब्दांत विचारलेली आहे : अंगावर बाळगता येईल असे लहान, हलके रिव्हॉल्वर कोणते घ्यावे? त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमची वस्ती गावापासून तीन किलोमीटरवर आहे. परवाना मंजूर झाला आहे. विक्रेता टायटॅनियमचे ‘निर्भीक’ घ्या म्हणतो, कारण ते हलके आहे. जुने पोलादी .३२ (नळीच्या आतल्या व्यासाचे इंचांतले माप) घेतले तर काही बिघडेल का? (एक शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा)

काही बिघडणार नाही. आपल्या बाबतीत तेच अधिक सोयीचे ठरेल. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने २०१४ मध्ये आणलेले ‘निर्भीक’ साधारण ५०० ग्रॅमचे आहे, तर त्याच कुळातील पोलादी रिव्हॉल्वर ७०० ग्रॅमच्या घरातले. काडतूस दोन्हींत तेच, गोळीही तीच; म्हणजे मागे बसणारा धक्काही तेवढाच, फक्त तो पेलायला हातात दोनशे ग्रॅम कमी उरतात. दिवसभर कमरेला बाळगायचे असेल, तर हे दोनशे ग्रॅम संध्याकाळपर्यंत जाणवतात आणि हलक्या हत्याराला अर्थ असतो. आपले रिव्हॉल्वर मात्र बहुतांश वेळ घरातल्या कुलूपबंद कप्प्यात राहणार आहे. तेथे वजन ही अडचण नसून दुसरी गोळी पहिलीच्या जवळ पडण्यासाठी मदतच आहे.

कानपूरचेच ‘प्रबल’ २०२३ मध्ये आले. तेही काडतुसांविना सुमारे ७०० ग्रॅमचे असून त्याची नळी ७६ मिलिमीटरची आहे. त्याचे सिलेंडर, म्हणजे काडतुसे बसणारा फिरता भाग, बाजूला उघडते; जुन्या मॉडेलसारखी नळी बिजागरीवर खाली मोडावी (वाकवावी) लागत नाही. नळी मोडणाऱ्या रचनेत सगळी रिकामी टरफले एका झटक्यात बाहेर पडतात हे खरे, पण वर्षानुवर्षांच्या वापरानंतर तिची बिजागरी आणि खिटी सैल होऊ शकते. त्यामुळे वापरलेले हत्यार घेणार असाल, तर ते रिकामे असल्याची खात्री करून बंद करा आणि नळी हलवून पाहा. जराही खडखडली, तर ते घेऊ नका.

प्रश्न : माझे सराफी दुकान आहे. हात लहान आहेत आणि दुकानात दाखवलेल्या रिव्हॉल्वरचा चाप मला पूर्ण ओढताच आला नाही. २५० ग्रॅमचे .२२ ‘निडर’ घ्यावे का? (एक भगिनी, कोल्हापूर)

आपण चाप ओढून पाहिलात, हे फार चांगले केलेत. पुष्कळ लोक मूठ धरून, वजन तोलून निर्णय घेतात आणि खरी परीक्षा बाजूलाच राहते. घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा भाग) आधी मागे ओढून न चढवता नुसता चाप ओढला, तर छोट्या रिव्हॉल्वरला साधारणपणे पाच किलोच्या आसपास जोर लागतो. घोडा चढवलेला असेल तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून ‘घोडा चढवून वापरा’ असा सल्ला आपल्याला कोणी तरी देईल. तो मानू नका. घाबरलेल्या हातात घोडा चढवलेले हत्यार असणे, आणि प्रसंग टळल्यावर तोच घोडा थरथरत्या अंगठ्याने सावकाश उतरवणे, यांत अपघाताची शक्यता मोठी असते.

‘निडर’ खिशात मावते, पण त्यामुळे आपली अडचण सुटेलच असे नाही. .२२ च्या काडतुसात पेट घेणारे द्रव्य बुडाच्या कडेत असते आणि त्या कडेवर जोराचा आघात लागतो; त्यामुळे अशा रिव्हॉल्वरचा चाप बरेचदा मोठ्या बोअरच्या हत्याराइतकाच, कधी त्याहूनही जड असतो. शिवाय .३२ ची गोळीच मुळात सुमारे दीडशे ज्यूल ऊर्जेची, म्हणजे फार जोरकस नव्हे. त्याखाली जाताना विचार करावा.

माझा सल्ला असा की, पोलादी .३२ वर, बोटाचे पहिले पेर चापाच्या मध्यावर आरामात पोहोचेल अशी मूठ निवडावी आणि डमी (खोटी, दारू नसलेली) काडतुसे भरून रोज दहा-पंधरा वेळा चाप ओढण्याचा सराव करावा. काही आठवड्यांत पकडीत फरक दिसू लागतो. (हा सराव .२२ वर सिलेंडरची घरे, म्हणजे काडतुसे बसायच्या जागा, रिकामी ठेवून करू नये. घोड्याची टोकदार पिन सिलेंडरच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होतात.) एवढे करूनही चाप ओढला जात नसेल, तर रिव्हॉल्वर हे आपले हत्यार नव्हे, असे समजावे.

प्रश्न : माझ्याकडे .३२ चे पिस्तूल आहे. जोडीला छोटे रिव्हॉल्वर घेतले तर एकच काडतूस दोन्हींना चालेल ना? (निवृत्त सुरक्षा अधिकारी, ठाणे)

चालणार नाही. परवान्यावर दोन्ही ठिकाणी ‘.३२’ लिहिलेले असले, तरी रिव्हॉल्वरच्या काडतुसाचे टरफल २३ मिलिमीटर लांबीचे आणि ठळक कडेचे, तर पिस्तुलाच्या काडतुसाचे १७ मिलिमीटरचे असते. पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्वरच्या घरात बरेचदा बसते, आणि तेथेच फसगत होते : त्याचा दाब जास्त असतो, आणि जुन्या रिव्हॉल्वरला तो झेपेलच याची खात्री नाही. दुसरे हत्यार घेण्यास कायद्याची आडकाठी नाही, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोन हत्यारे ठेवता येतात. मात्र दोन्हींची काडतुसे वेगळ्या, ठळक खुणांच्या डब्यांत ठेवावीत.

प्रश्न : मी टेक्ससमध्ये राहतो. पिस्तुलाला जोड म्हणून स्मिथ अँड वेसन ६४२ की रूगर एलसीआर? (एक वाचक, ह्यूस्टन)

आपल्याकडे निवड खरोखरच मोठी आहे. दोन्हींत .३८ स्पेशलची पाच काडतुसे बसतात आणि दोन्ही चारशे ग्रॅमच्या आसपासची आहेत. ६४२ चा घोडा आतल्या आत झाकलेला असल्याने तो खिशाच्या अस्तरात अडकत नाही. २००९ मध्ये आलेल्या एलसीआरचीही तीच रचना. मला एलसीआरचा चाप अधिक सुरळीत वाटतो आणि जोडीच्या हत्याराबाबत मी त्यालाच महत्त्व देतो, कारण अशा हत्याराचा सराव माणूस कमी करतो. खिशात ठेवणार असाल, तर चाप पूर्ण झाकणारे खिशाचे होल्स्टर हवेच, आणि त्या खिशात किल्ली किंवा नाणे काहीही नको.

प्रश्न : आजोबांचे जुने रिव्हॉल्वर वारसाने माझ्या नावावर झाले आहे. भरून बाळगता येईल का? (सातारा)

आधी परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. जुन्या हत्यारांत, खाली पडल्यास घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचू न देणारी सोय असेलच असे नाही. तशी सोय नसेल, तर घोड्याखालचे घर रिकामेच ठेवावे. सार्वजनिक जागी नेताना ते झाकलेल्या होल्स्टरमध्ये, अंगाला लागून आणि पूर्णपणे आपल्या ताब्यात असले पाहिजे, असे २०१६ चे शस्त्र नियम सांगतात. गाडीच्या कप्प्यात टाकून जेवायला उतरणे त्यात बसत नाही.